कोऱ्या कागदाला हात लावू नको

लिहायला एकांत लागतो असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. कुठला एकांत आणि कसलं काय! माझं पहिलं नाटक मी दवनीवाड्याच्या आमच्या धानाच्या बांधीत, चार बल्ल्यांच्या मचाणावर बसून, पोपट हाकलत लिहिलं. धानाच्या लोंब्या भरायला लागल्या की घरातल्या एकाला दिवसभर राखणीला बसावं लागे. घरात मोठा मुलगा मी, आणि शाळा सुटल्यापासून ‘कायम पुस्तकात तोंड खुपसून बसते’ अशी माझी गावभर ख्याती. बाबांचं म्हणणं सरळ होतं. बसायचंच आहे ना तुला, मग मचाणावर बस. हातात गोफण, बाजूला खड्यांचा ढीग, मांडीवर जुनी पाटी उलटी ठेवून तिच्यावर कागद. दोन ओळी लिहिल्या की पोपटांचा थवा आलाच म्हणून समजा. मग उठायचं, घसा फाटेस्तोवर ‘हाऽऽ हुर्रर्र’ करून बोंबलायचं, गोफण गरगरा फिरवायची, परत बसायचं आणि मघाशी कोण काय बोलत होतं ते आठवत राहायचं. त्यामुळं माझ्या नाटकातली माणसं दोन ओळींहून जास्त बोलायचीच नाहीत. पुढं पुष्कळ वर्षांनी एका विद्वान गृहस्थांनी माझ्या ‘नेमक्या, तुटक संवादांचं’ भारी कौतुक केलं, तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या हसत सुटलो. त्यांना काय सांगणार, कप्पाळ! ते कौतुक पोपटांचं होतं.

नाटकात एकच भाषण लांब होतं, अगदी शेवटचं. त्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं होतं आणि पोपट फिरकलेच नाहीत. मी दुपारभर एका बैठकीत ते लिहून काढलं आणि स्वतःवरच खूष झालो.

घरी तर लिहिण्याची सोयच नव्हती. पहाटेपासून ढेकीचा धप्प-धप्प आवाज सुरू व्हायचा. धान कांडायचं ते लाकडी धूड पायानं दाबायचं असतं; माय एका हातानं वरचा दोर धरून ते दाबत राहायची आणि मला म्हणायची, “वाचाचंच हाय न तुले? मंग मले आयकू येईन असा वाच.” मला अक्षर ओळखीचं झाल्यापासून मी तिच्यासाठी वाचत आलो. तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. गोष्टीत कुणी वाईट वागला की ढेकी जोरात आदळायची. वाचून जरा रंगात यावं, तोच हाका सुरू. बाबू, बैलाइले पानी दाखव. बाबू, चुलीत लाकूड सार. बाबू, मामाले चार ओळी लिवून दे, अन् गायचं सांगाचं भुलू नको. सकाळी मिठाची पेज, दुपारी भात आणि लाखोरीचं वरण, बाजाराच्या दिवशी वांग्यात वाळलेले झिंगे. झिंग्यांचा वास अंगणापर्यंत आला की हातातला कागद आपोआप खाली ठेवला जायचा, हेही कबूल केलं पाहिजे. सगळाच दोष घरच्यांचा नव्हता.

आत्ता हा परिच्छेद लिहितानासुद्धा सूनबाई दोनदा येऊन गेली. एकदा गॅसवाला आला म्हणून आणि एकदा पंखा कुणी चालू ठेवला म्हणून. पंखा मीच चालू ठेवला होता. मूग गिळून बसलो.

पुस्तकं मला गावच्या शाळेतले गुरुजी द्यायचे. बाजाराच्या दिवशी एक न्यायचं, पुढच्या बाजाराला परत आणायचं. त्यांची एकच अट असे, पानांवर हळदीचा डाग दिसला तर पुन्हा पुस्तक नाही. माय माझे हात राखेनं घासून घ्यायची, मगच पुस्तक उघडू द्यायची. पुस्तक मिळायचं, पण कागद मिळत नव्हता. लढाईचे दिवस होते आणि कोरा कागद डोळ्यांनी दिसणं मुश्कील झालं होतं. गुरुजींनी कुठून तरी मला दोन दस्ते मिळवून दिले. ते मी एका लुगड्याच्या धडप्यात बांधून माळ्यावर ठेवत असे. लिहून झालेले कागद त्याच गठ्ठ्यात, वरच्या बाजूला.

आता चूक कुणाची ते सांगतो, म्हणजे पुढं कुणी माझ्या मायला बोल लावणार नाही. राखणीच्या दिवसांतच एकदा मी घरी आलो, तर मायनं त्यातले दोन कोरे ताव काढून त्यांच्यावर सांडगे वाळत घातले होते. माझं पित्त असं खवळलं की विचारू नका. नाकावर राग होता माझ्या, अजूनही आहे, पण तेव्हा जिभेला हाडही नव्हतं. मी अंगणात उभा राहून ओरडलो, “माय, लिवलेल्या कागदाचं काय कराचं ते कर. चुलीत घाल. पर कोऱ्या कागदाले हात लावू नको! कोरा कागद मले कोन देनार?” माझ्या मनात होतं ते खरडलेले, खोडलेले, फाडून टाकायचे कागद. पण मी बोललो ते असं बोललो. तिनं सांडगे उचलले, कागद झटकले आणि घडी करून माझ्या हातात दिले.

नाटकाचं नाव होतं ‘इंजनवाला पोरगा’. एका शेतकऱ्याचा मोठा मुलगा गोंदिया जंक्शनवर गाड्या पाहून येतो आणि फायरमन व्हायचं खूळ घेऊन बसतो. बाप म्हणतो, धान कोण पाहील? एवढीच गोष्ट. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दिवसभर जत्रा आणि जत्रेत दंडार. म्हणजे आपल्याच गावची माणसं ढोलकीवर नाचत-बोलत खेळ करतात. आमच्या गावच्या दंडारीत माझं हे नाटक घ्यायचं ठरलं. मुलाचं काम हिरामणचं. बापाचं काम डोमाजीचं, त्याचा आवाज गावाबाहेरच्या पाटापर्यंत ऐकू जायचा. आईचं काम सदाशिव लुगडं नेसून करायचा. तो एरवी सहा फुटी गडी, नांगर एका हातानं उचलणारा, पण पदर घेतला की बायकाही फसत. कुणालाही वाचता येत नव्हतं. मी संध्याकाळी देवळापुढं बसून एकेकाचं बोलणं वाचायचो, ते म्हणायचे, पुन्हा वाचायचो, पुन्हा म्हणायचे. कागद एकच होता, माझा.

मंडईच्या दिवशी खेळ असा रंगला की काय सांगू! सात जणांनी एकमेकांच्या कमरेला धरून इंजन केलं होतं. पुढचा ओल्या गवताचा धूर काढत होता आणि मागचे छुक-छुक करत मैदानभर फिरत होते. जिलेबीवाले कढई सोडून आले. शेवटी डोमाजीनं ते लांब भाषण केलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. बाबा लांब, बाभळीखाली हाताची घडी घालून उभे होते. त्यांचं तोंड नेहमीसारखंच होतं. हा खेळ कुणाबद्दल आहे ते त्यांना कळलं नसेल, असं मला वाटलं. किती अक्कल होती ती माझी!

त्याच मंडईत गोंदियाच्या एका छापखान्याच्या शेठनं पंचांगांचं आणि भजनाच्या पुस्तकांचं दुकान मांडलं होतं. खेळ संपल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. “ये तुमने लिखा?” मी मान हलवली. “मैं छापूंगा. साफ लिखकर लाना, पूरा. संक्रांत के पहले, बाद में पंचांग का काम चालू होता है, फिर मशीन खाली नहीं मिलेगी.” मग माझ्या हातातला एक कागद घेऊन तो त्यांनी उजेडात धरला. “अक्षर अच्छा है. प्रूफ देखने को आदमी चाहिए मेरे को. किताब लेके आओ, बात करेंगे.” पुस्तक आणि वर छापखान्यात काम! दिवसभर अक्षरांत बसायचं, आणि कुणी बैलांना पाणी पाजायला हाक मारणार नाही!

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. जवसाची चटणी भातात कालवत म्हणाले, “धान चुरू दे. मंग पाहू.” चुरणं म्हणजे मळणी. ना हो, ना नाही. आणखी विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी मोठा मुलगा, खाली तीन भावंडं, बाबांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून धरलेला. मी गेलो तर नांगर कुणी धरायचा, हे मलाही कळत होतं. तरी मी रोज थोडं थोडं करून नाटक स्वच्छ लिहून काढलं, जुने खरडे चुलीत घातले, आणि ते जाडसर बाड कोऱ्या कागदांवर ठेवून गठ्ठा बांधला. आता फक्त कापलेलं धान चुरायचं आणि बाबांच्या तोंडून एक शब्द निघायचा होता.

नवं धान घरात यायच्या आधी आमच्याकडं बायका टोपल्यांची डागडुजी करतात. बांबूच्या जुन्या टोपल्यांना फटी पडलेल्या असतात, तांदूळ गळतात. मग कागद पाण्यात भिजवायचे, मेथीचे दाणे वाटून त्यात घालायचे, पायानं तुडवून लगदा करायचा आणि तो टोपलीला आतून-बाहेरून लिंपून उन्हात ठेवायचा. वाळला की टोपली अशी टणक होते की वर्षानुवर्षं हालत नाही. मेथीच्या कडवट वासामुळं कीडही लागत नाही. एका दुपारी मी खळ्यावरून पाणी न्यायला घरी आलो, तर अंगणात ओळीनं पाच टोपल्या वाळत होत्या. लगद्याचा रंग निळसर होता. मी घटाघटा पाणी प्यालो, तोंड पुसलं आणि मग माझं लक्ष त्या निळ्या रंगाकडं गेलं. जवळ जाऊन पाहिलं. एका टोपलीच्या काठाशी लगद्यात कागदाचा एक तुकडा अख्खा राहिला होता. त्यावर माझ्या अक्षरात ‘जंक्शन’ लिहिलेलं होतं.

“माय! माळ्यावरचा गठ्ठा?”

ती कोपरापर्यंत लगद्यानं भरलेले हात घेऊन बाहेर आली. “कोनता? लिवलेला न? तो टोपल्याइले लावला.” आणि माझं तोंड पाहून, मी कशासाठी घाबरलो ते आपल्याला कळलं अशा थाटात, हसून म्हणाली, “पर कोऱ्याले हात नाई लावला हो बाबू. तूच सांगतलं होतं न. एकूनएक कोरा फडक्यात बांधून ठेवला हाय. पाहा न.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तिला काय काय बोललो ते इथं लिहिणार नाही. एक शब्द मात्र लिहितो, कारण तो लपवला तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी तिला अडाणी म्हणालो. जिनं ढेकीवर पाय मारता मारता माझी सगळी पुस्तकं ऐकली, जी राखेनं माझे हात घासायची, तिला. शिवाय मी सांगितलं होतं तसंच तिनं केलं होतं, शब्दाला शब्द. आज माझं वय ती गेली तेव्हाच्या तिच्या वयाहून जास्त आहे, आणि तो शब्द आठवला की अजूनही मला मान खाली घालावीशी वाटते. ती रांजणापाशी गेली, हात धुतले, पदराला पुसले आणि खळ्याच्या वाटेनं चालू लागली. बाबांना सांगायला तीच गेली.

मी गोठ्यात जाऊन बसलो. रडू आलं होतं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. बाबांना बरंच वाटणार, हे मी धरून चाललो होतो. आता म्हणतील, झालं, मिटलं, चल खळ्यावर. त्यांची काठी टेकत टेकत येण्याची चाल ऐकू आली. ते दारात उभे राहिले.

“किती दिस लागतीन?”

“कायले?”

“पुन्हा लिवाले.”

“मले नाई आठवत, बाबा,” मी म्हणालो. आणि हे खरं होतं. लोकांना हे पटत नाही. लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं पाठ असेल असं त्यांना वाटतं. मला नाटकातलं काय काय घडतं ते आठवत होतं, पण वाक्यं? ती मी कागदावर ठेवून मोकळा झालो होतो.

“तुले नाई आठवत, तं ज्याइनं मंडईत बोललं त्याइले पूस.”

“ते सगळे आपापल्या खळ्यावर हायत. चुरना सोडून माह्यापाशी कोन बसन?”

बाबांनी जरा वेळ गोठ्याच्या चौकटीला पाठ घासली. मग म्हणाले, “कागद हाय न?” मी हो म्हणालो. कागद होता, मायनं जपून ठेवलेला, फडक्यात. “मंग घे अन् चाल.”

हिरामणच्या खळ्यावर चार बैलांची दावण फिरत होती. धानाच्या पेंढ्या पसरलेल्या, मधे खुंटा, बैल गोल गोल फिरतात, त्यांच्या पायांखाली दाणा सुटतो, आणि मागून एकानं सारखं हाकत राहायचं असतं. बाबांनी सरळ जाऊन हिरामणच्या हातातला कासरा घेतला. “जाय, तिकडे बस. माहा पोरगा पुसते ते सांग. दावन मी हाकतो.” हिरामण तोंडाकडं पाहतच राहिला. गावात बाबांचा दरारा होता. ते दुसऱ्याच्या खळ्यावर दावण हाकायला कधी गेले नव्हते. “काऊन पाहून राहिला? बस!” बाबा ओरडले, आणि दुखरा गुडघा ओढत बैलांच्या मागं चालायला लागले.

पण हिरामण बसला आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना. डोकं खाजवलं, पाणी प्याला, बिडी पेटवली, काही नाही. शेवटी वैतागून उठला, दोन पावलं नाचला, हात कमरेवर ठेवला आणि धबधबा बोलायला लागला. उभं राहून, नाचून पाठ केलेलं ते बसून कसं आठवणार? मी खाली मांडी घालून लिहीत होतो, आणि तो माझ्याभोवती थयथया नाचत होता. पलीकडं गोल फिरणारे बैल, बैलांच्या मागं बाबा. शेजारच्या बायका धान पाखडायचं सोडून सुपं हातात धरून हसत उभ्या राहिल्या.

पुढचे चार दिवस असेच गेले. एकेकाच्या खळ्यावर जायचं, बाबांनी कासरा घ्यायचा, मी कागद काढायचा. आणि काय सांगू, प्रत्येक जण आपलं काम वाढवून सांगायचा! इंजनात सातवा असलेला गडी, ज्याला नुसतं छुक-छुक करायचं होतं, तो म्हणाला की माझी बारा वाक्यं होती. हिरामणनं तर बापाला दिलेलं एक सडेतोड उत्तर सांगितलं, जे मी जन्मात लिहिलं नव्हतं. चांगलं होतं, म्हणून ठेवलं. भांडणं व्हायला लागली तेव्हा सदाशिव मधे पडला. तो आईचं काम करायचा आणि आईला नाटकात बोलायलाच कमी होतं. “मी तं लुगडं नेसून नुसता उभा राहात होतो न गा,” तो म्हणाला, “सगळ्याइचं आयकत होतो.” खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला, डोळे अर्धे मिटले, आणि या सहा फुटी गड्यानं एकामागून एक सगळ्यांची वाक्यं सांगितली. कोण खोटं सांगतो, कोण खरं, सगळं त्यानं निस्तरलं. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो. जीव अर्धा भांड्यात पडला.

या चार दिवसांत माय माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होती, तेच मला सोसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती खळ्यावर आमची भाकर घेऊन आली तेव्हा मी तिला म्हणालो, “माय, मी चुकीचं बोललो.” ती म्हणाली, “व्हय, बोलला. जेव आता.” आणि माझ्या पुढ्यात जेवण ठेवून तिनं लिहिलेले कागद उचलले, आपल्या पदरात गुंडाळले आणि मी जेवून होईपर्यंत ते मांडीवर धरून बसली.

पाचव्या दिवशी सदाशिवच्या खळ्यावर आम्ही शेवटापर्यंत आलो आणि तिथं अडलो. मुलगा गाठोडं घेऊन निघतो, आणि बाप ते लांब भाषण करतो. माझं भाषण, आभाळ आलेल्या दुपारचं. डोमाजी तिरोड्याकडं सासरी धान चुरायला गेला होता, संक्रांत झाल्याखेरीज येणार नव्हता. मी सदाशिवकडं पाहिलं. त्यानं दुपट्टा नीट डोक्यावर घेतला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच बसला आणि मग डोळे उघडले.

“नाई गा. लय लांब होतं ते. अन् मले तवा पदर तोंडात घालून रडाचं काम होतं. रडू का आयकू?”

मंडईत अख्खं गाव त्या भाषणाला रडलं होतं, आणि त्यातला एक शब्द कुणाच्याही लक्षात राहिला नव्हता. मलाही नाही. मी नुसता कागदाकडं पाहत बसलो. हातून सगळं जातं की काय असं वाटायला लागलं. शेवट नसलेलं नाटक घेऊन शेठकडं जायचं तरी कसं? बाबा बैलांमागून फेरी घालत माझ्यापाशी आले.

“काऊन थांबला?”

“शेवटचं कोनालेच आठवत नाई. म्हाताऱ्याचं भाषन.”

ते थांबले नाहीत, पुढं गेले. खळ्याला पूर्ण वळसा घालून परत आले. “ते मी आयकलं होतं. लय बोलते तुहा म्हातारा. पोरगं चाललं अन् हा भाषन देऊन राहिला. गाडी निंगून जाईन न.” सदाशिव खो खो हसला. मला राग आला, खरं सांगतो. ते भाषण मला फार आवडायचं.

“मंग काय म्हनन तो?” मी विचारलं.

बाबा पुन्हा पुढं गेले. या वेळी फेरी सावकाश झाली. बैल दमले होते आणि त्यांचाही गुडघा आता टेकत नव्हता. समोर आले, माझ्याकडं न पाहता बोलले.

“म्हनन, जाय. धानाचं मी पाहीन.”

मी ते लिहिलं. चार शब्द. पानावर फार कमी दिसत होते. पुढच्या फेरीला मी म्हणालो, “एवढंच, बाबा? मंडईतले लोक म्हनतीन...”

त्यांनी कासरा ओढला. बैल उभे राहिले. पाच दिवसांत त्यांनी पहिल्यांदा दावण थांबवली होती.

“लोकाइचं मले नको सांगू. नाटकात लिव, नाई तं नको लिव. मी तुले सांगून राहिलो.”

आणि ‘हट्’ म्हणून बैल हाकलले.

मला काय वाटलं ते एवढ्या वर्षांत कितीदा लिहायला गेलो आणि दर वेळी जास्त झालं. एवढंच सांगतो की मंडईपासून माझ्या छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं आणि मला पोटभर श्वास घेता आला. मी ‘हो’ म्हणालो. बाबा तोवर खळ्याच्या पलीकडल्या बाजूला पोचले होते, बैलांच्या घंटांत त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. सदाशिवनं मात्र डोक्यावरचा दुपट्टा काढून नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाच्या बाजाराला चाललेल्या एका बैलगाडीत मी बसलो, मायनं बांधून दिलेलं गाठोडं मांडीवर घेऊन. गाडी आमच्या खळ्यावरून गेली. बाबा एकटेच पेंढ्या सोडत होते. पाच दिवस त्यांनी सगळ्या गावाचं धान चुरलं होतं, आणि आमचे पेंढ्यांचे पुंजणे तसेच्या तसे उभे होते.